वहीत न लिहिलेली पुडी

"ताई, पिशवी उपडी करा," डॉक्टर म्हणाले.

टेबलावर पाण्याची बाटली पडली, रुमाल पडला, मी रोजचं खाणं लिहायची ती वही पडली आणि पेपरात बांधलेल्या चार पुड्या पडल्या. वही त्यांनी बाजूला सारली. एक पुडी उघडून बोटावर घेतली.

"हे काय?"

"गुडघ्याची पुडी. जडीबुटी हाय साहेब, औषध न्हाई."

त्याआधी दोन खेपांना त्यांनी मला विचारलं होतं, काही औषध चालू आहे का म्हणून. दोन्ही वेळेला मी छातीठोकपणे नाही म्हणाले होते. खोटं बोलले नव्हते. आमच्याकडं गोळी आणि सुई म्हणजे औषध. पुडी कोण औषधात धरतं?

"तुम्हाला कुशिंग सिंड्रोम झालाय," ते म्हणाले. "सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं, ते जवळजवळ नाहीच. आणि अंगावर खुणा मात्र ते जास्त झाल्याच्या आहेत. म्हणजे स्टेरॉईड बाहेरून पोटात जातंय. बहुतेक ह्याच पुडीतून."

कॉर्टिसॉल म्हणजे आपल्या मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल नावाच्या इवल्याशा ग्रंथी करतात तो रस. स्टेरॉईडची औषधं त्याच जातीची. ती फार दिवस पोटात गेली की तोंड गोल होतं, पोट सुटतं, मानेमागं गोळा येतो, हातपाय मात्र काड्या राहतात. ह्याला कुशिंग म्हणतात.

मला रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं घाबरली. कशाची घाबरते! मला आजार आहे हे ऐकून बरं वाटलं होतं. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मला खादाड न म्हणता आजारी म्हटलं.

मी बोरीला अंगणवाडी चालवते. दर महिन्याला लेकरांची वजनं घेते, म्हणजे वजनकाट्यातच माझा जन्म चाललाय. होळीनंतर गुडघे धरले म्हणून आठवडी बाजारात छत्री लावून बसणाऱ्या एका वैदूकडून पुडी आणली. रोज भाकरीनंतर दह्यात एक. आठ दिवसांत मी जिने चढायला लागले. त्याचे मनोमन पाय धरले.

पाऊसकाळात ब्लाउज दंडात ढिले आणि पाठीत घट्ट व्हायला लागले. मोबाईलवर बघितलं, त्यात एक बाई ठणकावून सांगत होती: खाल्लेल्या कॅलरी, म्हणजे अन्नातली ताकद मोजायचं माप, खर्चापेक्षा कमी ठेवा, वजन उतरणारच. मला ते पटलं. वही केली. बिनसाखरेचा चहा, दीड भाकरी, वाटीभर वरण, पळीभर भाजी. बेरीज बाराशेच्या वर जाऊ द्यायची नाही.

लेकरं घरी गेली की अंगणवाडीचं दार लोटून घ्यायचे आणि एकटीच काट्यावर उभी राहायचे. अठ्ठावन्नचे बासष्ट झाले. बासष्टचे सहासष्ट. काटा बिघडला म्हणून पाच किलोची गव्हाची पिशवी ठेवून बघितली, तो बरोबर पाच दाखवायचा. मग मी बाकावर बसून राहायचे. कुणाला सांगणार?

घरात सांगून बघितलं. हे म्हणाले, "वजन काय हवेनं वाढायलं का?" सासूबाईंनी शेंगदाण्याचा डबा उचलून आपल्या खोलीत नेला. तो दिवस मी विसरणार नाही. बेचाळीस वर्षांच्या बाईपासून शेंगदाणे लपवायचे!

आणि खरं सांगते, भूक लय लागायची. एकदा लेकरांच्या खिचडीतले उरलेले दोन घास मी पातेल्यातच खाल्ले आणि वहीत लिहिले नाहीत. मग प्रत्येक वाढलेला किलो मला त्या दोन घासांचा वाटायला लागला. मलाच माझा भरवसा राहिला नाही. लोकांनी खोटं पाडलं तर माणूस भांडतं तरी. आपणच आपल्याला खोटं पाडलं की कुणाशी भांडायचं?

नवरात्रात उपास धरला. दही-भाकरी बंद म्हणून पुडीही बंद. चौथ्या माळेला उठताच येईना. उलट्या, डोळ्यापुढं अंधार, अंगात पाणी भरल्यासारखं. आरतीला जमलेल्या बायका हसल्या, "खायची सवय, उपास कसा निभंल हिला?" सासूबाईंनी उपास सोडायला लावला. भाकरी आली, मागं पुडी आली आणि दुसऱ्या दिवशी मी टुणटुणीत. तेव्हा मला वाटलं, पुडी म्हणजे अमृत बघा!

दिवाळीनंतर पोटावर जांभळे पट्टे उठले. खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येईना. एकटीच एसटीत बसून परभणीला गेले. दवाखान्याच्या बाकड्यावर तीन दिवस काढले: एक दिवस रक्ताचा, एक साखरेचा, एक नुसता वाट बघण्याचा. शेजारच्या प्रत्येकाबरोबर कुणीतरी होतं. माझ्याबरोबर वही होती.

ती वही मी डॉक्टरांपुढं केली. "साहेब, कॅलरीचं सगळं खोटंच असतं का मग?"

"गणित खोटं नाही," ते म्हणाले. "पण ते पुरतं नाही. खाल्लेलं वहीत दिसतं. शरीर पाणी किती धरणार, मांस झिजवून चरबी कुठं रचणार, भूक किती लावणार, खर्च किती करणार, हे वहीत कसं दिसेल? ते ग्रंथींचा रस ठरवतो, आणि तुमच्यात त्याच्या जागी ह्या पुडीतलं स्टेरॉईड." खिचडीचं सांगितलं तेव्हा ते हसले. "दोन घासांनी मानेमागं गोळा येत नाही, ताई."

आता तुमच्यापैकी कुणी अशी पुडी घेत असेल तर नीट ऐका. माझं वाचून आज रात्रीच ती फेकू नका. बाहेरून स्टेरॉईड येतं म्हणून आपल्या ग्रंथी झोपी जातात. एकदम बंद केलं तर जीवावर बेततं. नवरात्रात मला तेच झालं होतं. पुडी घेऊन डॉक्टरकडं जा. ते मोजकी गोळी देतात आणि ती हळूहळू कमी करतात, त्याला टेपरिंग म्हणतात. माझं दहा महिने चाललं.

निदानाच्या दिवशी संध्याकाळी ह्यांना कागद दाखवला. ते बराच वेळ वाचत बसले. "आधी सांगायचं न्हाई का मग?" म्हणाले. रोजच तर सांगत होते! सकाळी बघते तर शेंगदाण्याचा डबा परत फळीवर होता.

आज वजन बासष्ट आहे. अठ्ठावन्न होईल न होईल. डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत, पण एक गोष्ट मला त्यांच्यापुढच्या खुर्चीतच आठवली होती आणि ती मला दहा महिने डाचत होती.

माझ्या अंगणवाडीत सुनीताची दोन वर्षांची परी येते. सुनीताच्या घरी मेंढरं आहेत, ती दिवसभर मेंढरामागं. परीचं वजन हलतच नव्हतं. ऐन पुडीच्या दिवसांत मी सगळ्या बायकांपुढं सुनीताला म्हणाले होते, "अंगणवाडीतनं मिळतो तो लेकराचा आहार लेकराला देतीस का घरच्यांत वाटून खातीस?" वजन म्हणजे खाणं, एवढंच मला मालूम होतं. त्यानंतर ती वजनाच्या दिवशी आलीच नाही.

अंगात उठाय-बसायचं बळ आल्यावर मी तिच्या घरी गेले. मला बघताच ती दारातूनच सुरू झाली, "ताई, देवाशपथ सांगते, दोन दोन वेळा खाती ही. मी न्हाई खात तिचं."

"मला मालूम हाय," मी म्हणाले. "मीच चुकले. तू खाऊ घालतीस. मग आणखी काय होतंय तिला, ते सांग."

ती चौकटीला धरून खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. ते रडू माझ्या ओळखीचं होतं. डोळे पुसून तिनं सांगायला घेतलं: पोरीला रोज चार-पाच वेळा पातळ होतं, पोट फुगतं, पोळी खाल्ली की जास्तच. वर्षभर मनात ठेवलं होतं तिनं.

सोमवारी परभणीची एसटी धरली. परी माझ्या मांडीवर होती. ह्या खेपेला बाकड्यावर आम्ही तिघी होतो.