तुलना योजनेची अध्यक्षीण

तुलनामावशीला मला कधी पूर्ण प्रश्न विचारता आला नाही. "गेल्या आठवड्यात तुमच्या घरी..." एवढं माझ्या तोंडून निघायचा अवकाश, की तिचं सुरू. "दोन टाईम जेवन, एक टाईम डाळ, अंडं नाई. लिव्ह. पुढचा इच्यार." हात सुपातल्या तुरीवर आणि नजर माझ्या टॅबवर. मी क्षणभर थांबले की म्हणायची, "काऊन थांबली व? नेट गेलं का अक्कल?" गल्लीतल्या बाया खुदुखुदु हसायच्या आणि मी निमूट बोट चालवायची.

तेव्हा माझी नोकरी प्रश्न विचारण्याची होती. परदेशातल्या एका संस्थेनं चिखली तालुक्यातल्या काही गावांत गरीब बायांना बकऱ्या दिल्या होत्या. त्यांचे बचतगट बांधले होते, जनावरांचा डॉक्टर गावात येईल अशी सोय लावली होती. या पैशानं गरिबी खरोखर हटते का, हे तपासायला आमची कंपनी नेमलेली. तपासायची रीत अशी, की काही गावांना मदत द्यायची आणि तशाच दुसऱ्या काही गावांना काहीच द्यायचं नाही. प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखेच विचारायचे, दरवर्षी. शेवटी ताडून बघायचं. काहीच न मिळणाऱ्या गावांना आमच्या हापिसात 'तुलनेची गावं' म्हणत. मावशीचं गाव उंद्रीच्या पुढचं, तुलनेचं. एखाद्याला दरसाल पंगतीच्या कडेला उभं करायचं आणि भूक किती लागली ते विचारायचं, असला हा प्रकार होता.

पहिल्याच वर्षी आमचे साहेब तिच्या दारात उभं राहून फोनवर मोठ्यानं बोलले, "हो हो, मी आत्ता तुलनेच्याच गावात आहे." मावशीनं ते ऐकलं. आता आपल्याकडे योजनांची नावं कशी असतात? पोरीबाळींचीच असतात. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीत बातमी झाली, की गावाला तुलना योजना लागू झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर बाया नवी लुगडी नेसून, आधार कार्डं हातात घेऊन ओळीनं बसलेल्या. पुढं मावशी. तिनं 'जय भीम' घातला आणि म्हणाली, "मी तुलना योजनेची अध्यक्षीण." तेव्हापासून आमच्यासाठी ती तुलनामावशी.

मी तिला तेव्हाच सांगितलं. हात जोडून सांगितलं, "मावशी, अशी योजनाच नाही. तुलना म्हणजे नुसतं ताडून पाहणं. तुम्हाला काही मिळणार नाही." तिनं माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "पोरी, तू नवी हायेस. घरकुलाले बी पहिले नाईच म्हनले होते. गॅसले बी नाई म्हनले. सरकारचं पहिलं बोलनं नाईच असते." तिचा अनुभव माझ्या ट्रेनिंगपेक्षा जुना होता. दरवर्षी मी तेच सांगायची आणि दरवर्षी ती तसंच ऐकायची.

तिला बकऱ्या हव्या होत्या त्या एका गोष्टीसाठी. दिवाळी झाली की मुलगा आणि सून वीटभट्टीवर जात. सोबत नात जाई आणि तिची शाळा तिथंच तुटे. होळीनंतर पोर परत यायची ती पाढे विसरून. "पोरगा जाऊ दे," मावशी म्हणायची, "गड्याले जाच लागते. पन सून अन् पोरगी घरी राह्यली पायजे. दावनीले चार बकऱ्या असल्या तं सून घरी राह्यते. माहा एवढाच हिसाब हाय." आमच्या फॉर्मात गरिबीच्या व्याख्या ढीगभर होत्या. पण दिवाळीनंतर सून घरात आहे का, असा प्रश्न एकही नव्हता.

दुसऱ्या वर्षी गेले आणि चाटच पडले. दारादारात वांग्याची, पालकाची रोपं. गटाची बैठक भरलेली. मी विचारलं, "हे काय मावशी?" तिनं मला बाजूला घेतलं आणि कानाशी लागून म्हणाली, "तुमचा पेपर फुटला हाय. मागच्या साली तूच इच्यारलं ना, गट हाय का, बचत करता का, दारात भाजी लावली का, पोरं शाळेत जाते का? मंग? प्रश्न आधीच म्हाईत असून नापास झालो तं लाज नाई का?"

मी कपाळावर हात मारला. अहो, पाहणी म्हणजे परीक्षा, प्रश्न म्हणजे अभ्यासक्रम आणि पास होणाऱ्याला बकऱ्या, असं तिनं ठरवून टाकलं होतं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही काही देत तर नाही ना त्यांना?" नियमच तसा होता. तुलनेच्या गावात काही द्यायचं नाही, निकाल बिघडतो. मी शेगावची. घरून निघताना मावशीसाठी कचोऱ्या बांधून नेल्या होत्या, तर साहेबांनी त्या जीपमध्येच ठेवायला लावल्या. कचोरीनं दारिद्र्य हटल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. शेवटी त्या साहेबांनीच खाल्ल्या. खाताना त्यांचा निकाल बिघडला नाही.

"बकरी आहे का?" हाही एक प्रश्न होताच. त्यासाठी मावशी चिखलीच्या बाजारात रशीदभाईला गाठून आली. बकऱ्यांच्या व्यापारात त्याचा जन्म गेलेला. तिनं त्याच्याकडून बकऱ्या बटईनं आणल्या, म्हणजे बकरी त्याची, पाळणं हिचं आणि पिल्लं निम्मी निम्मी. त्यालाही तिनं तुलना योजनेची गोष्ट सांगितलेली. योजना आली की बकऱ्या त्याच्याकडूनच घ्यायच्या, असं वचन अध्यक्षिणीनं देऊन टाकलं होतं.

एवढ्यावर थांबली असती तर ती मावशी कसली? एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं आणि तिला पंख फुटले. आमच्या ड्रायव्हरला चहा पाजून तिनं तुलनेच्या बाकीच्या गावांची नावं काढून घेतली. मग अर्ध्या तिकिटात त्या सगळ्या गावांना जाऊन आली. तिथल्या बायांना सांगितलं, "पेपर फुटला हाय, अभ्यासाले लागा." त्याही लागल्या. पुढच्या पाहणीला मी जिथं जावं तिथं बाया माझा प्रश्न अर्ध्यात तोडून उत्तर द्यायच्या. मी डोक्याला हात लावला, पण खरं सांगते, मनातून मला फार बरं वाटलं होतं.

मग नागपूरच्या हॉटेलात निकालाची बैठक झाली. थंडगार हॉल, पांढऱ्या कापडाची टेबलं, पुढं पडदा. पडद्यावर आलं, की मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्या परदेशी संस्थेच्या बाई हळहळल्या, पण फरक नसेल तर पैसा कशाला घालायचा, म्हणून प्रकल्प बंद करायचं ठरलं. मी उठले. म्हटलं, "फरक कसा दिसेल? दोन्हीकडची गावं वर आलीत. इकडे तुमच्या बकऱ्यांनी आली, तिकडे एका बाईनं आणली." आमच्या कंपनीचे दिल्लीचे मोठे साहेब हसले. म्हणाले, "पाऊसपाणी बरं झालं असेल. तसं असलं की सगळीकडेच सुधारतं, म्हणून तर तुलना ठेवतात. तुमची गोष्ट छान आहे, पण ती गोष्ट आहे." त्यांचा तर्क खोटा नव्हता, याचीच मला जास्त चीड आली. मी हट्टानं मावशीची सगळी हकिकत सांगितली. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग तर ती गावं दूषितच झाली म्हणायची."

दूषित! आमच्याकडे खराब पाण्याच्या हातपंपावर लाल रंगानं लिहितात तो शब्द. ज्या वस्तीची सावली पडली तरी एके काळी गाव बाटत होतं, त्या वस्तीला त्या थंडगार हॉलमध्ये पुन्हा बाटलेली ठरवलं होतं. आणि गुन्हा काय, तर मदतीविना सुधारली. माझ्या तोंडाला काय काय आलं होतं ते इथं लिहीत नाही. त्या महिन्यात मी नोकरी सोडली.

मावशीला सांगायला मात्र मीच गेले. तिनं तुरीचं सूप खाली ठेवून ऐकून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला पूर्ण बोलू दिलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "त्या गावाले बकऱ्या भेटल्या, आमाले नाई भेटल्या. अन् तरी आमी बराबर?"

"हाव मावशी."

"मंग आमी पास!" तिनं मांडीवर थाप मारली. "मंग बकऱ्या कधी?"

मी सांगितलं, बकऱ्या येणार नाहीत. तिकडचं कामही बंद झालं, डॉक्टरही यायचा नाही. मावशीचा चेहरा उतरला. तिनं दावणीकडे पाहिलं. "त्यायचं काऊन बंद केलं व? आमी पास झालो म्हनून ते नापास?"

मग तीच पुढं म्हणाली, "असा कुठं पेपर राह्यते का? एकानं लिव्हला तं दुसऱ्याचा फाडते?"

रशीदभाई आता आपल्या बकऱ्या घेऊन जाणार, अशी भीती सगळ्यांनाच होती. तो आला, बकऱ्यांचे कान धरून पाहिले आणि म्हणाला, "योजना झूठी निकली तो क्या, बकरियाँ तो सच्ची हैं." चहा पिऊन परत गेला. एवढी अक्कल त्या पडद्यासमोर कुणालाच सुचली नव्हती.

मावशी मला शेवटची भेटली ती चिखलीच्या एसटी स्टँडवर. बगलेत बकरीचं पिल्लू होतं. निघाली होती मदत बंद पडलेल्या एका गावाला, तिथल्या एका बाईला ते पिल्लू द्यायला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बकरीचं तिकीट लागते." मावशी म्हणाली, "लाव ना बे. पन अर्धं लाव, हे बी बाईच हाय." गाडीभर हशा झाला. तीही हसली. गाडी हलल्यावर खिडकीतून मला ओरडून म्हणाली, "पुढचा पेपर कधी हाय ते सांगजो! या बारीनं दोन्ही गावं एकाच बाकावर बसू!"

पुढचा पेपर निघालाच नाही. मावशीच गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. मला उशिरा कळलं. दिवाळी होऊन गेल्यावर मी तिच्या घरी गेले. दावणीला बकऱ्या होत्या, ओट्यावर नातीचं दप्तर होतं. दारात सून उभी होती.

"बसा ताई," ती म्हणाली. मी टेकते न टेकते तोच तिनं सुरू केलं, "दोन टाईम जेवन, दोन टाईम डाळ, बुधवारी अंडं. लिव्हा."

"अगं, मी आता सर्वेवाली नाही राहिले."

"तरी लिव्हा," ती म्हणाली. "आत्याबाई सांगून गेल्या, कोनी इच्यारलं नाई तरी सांगजो."

माझ्याजवळ टॅब नव्हता, फॉर्म नव्हता. म्हणून इथं लिहिलं.