दत्ताभाऊंचा उभा हात

जानेवारीतला शेवटचा रविवार. माणशी सहाशे रुपये भरून आमच्या भोसरीच्या सोसायटीतले तिघं त्या मोठ्या सायकल राइडला गेलो होतो : दत्ताभाऊ, कुलकर्णी आणि मी. घरी दोघंच आलो. भाऊ तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारले. त्याला आता दोन महिने होतील.

भाऊ मूळचे राजगुरुनगरकडचे. चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर होते, निवृत्तीनंतर त्यांनी सायकल घेतली. दर रविवारी आम्ही पाच-सातजण आळंदीला जायचो, ते सगळ्यांत मागे. त्यांचे नियम ठरलेले : दोन सायकलींमध्ये एका सायकलीची जागा सोडायची, खड्डा दिसला की खाली बोट, थांबायचं तर हात सरळ वर, आणि पुढच्याने केलेला हात प्रत्येकाने मागच्यासाठी करायचा. खरं सांगायचं तर कंटाळा यायचा. कुलकर्णी म्हणायचा, "भाऊ, फिरायला आलोय का शिफ्टला?" "शिफ्टवरनं रोज धाही बोटं घेऊन घरी गेलो, म्हणून सांगतो." ते शेवटचे असूनही हात करायचेच. "मागं कोण आहे, भाऊ?" "आसंल कुणीतरी."

त्या दिवशी मागे माणसंच माणसं होती. दोन-अडीच हजार सायकली एकाच भोंग्यावर सोडलेल्या. कोणी डावीकडून घुसतंय, कोणाच्या कानात गाणी, कोणी चालवता चालवता व्हिडिओ काढतंय. भाऊ ओरडत होते, "उजवीकडनं या, राव! सांगून या!" एकजण जाता जाता म्हणाला, "काका, एन्जॉय करा की!" दिघीच्या पुढे उतारावर समोर कोणीतरी पडलं. भाऊंनी हात सरळ वर केला. मागच्यांना वाटलं, पुढे फोटोवाला आहे... त्यांनीही हसत हात वर केले. ब्रेकवर कोणाचाच हात नव्हता. मागची पोरं सायकलींसकट भाऊंवर येऊन आदळली.

त्या मुलांचा मला राग येत नाही. फी घेतली, टी-शर्ट दिला आणि सोडलं. हात कशासाठी वर करतात, हे त्यांना सांगणार कोण होतं?

पंधरवड्यापूर्वी आयोजकांपैकी दोघं भाऊंच्या घरी, वहिनींकडे आले. भाऊंच्या स्मरणार्थ राइड काढायची, टी-शर्टवर त्यांचा फोटो, या वेळी पाच हजार लोक. माणसं वाईट नव्हती. त्यांना वहिनींचा होकार हवा होता. वहिनींनी चहा दिला आणि विचारलं, "पाच हजारांना हात कोण शिकवणार?"

"सूचना देऊ ना, वहिनी. माइकवरून."

"मग फोटो नका छापू."

एवढंच बोलल्या. राइड होईलच, फोटोशिवाय.

गेल्या रविवारी आम्ही सहाजण आळंदीला गेलो. फी नव्हती. मागे आता मी असतो. पुलाच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. कुलकर्णीने हात वर केला, मग त्याच्या मागच्याने, असा एकेक हात होत माझ्यापर्यंत आला. मीही हात वर केला.

मागे कोणी नव्हतं.