सरूबाईच्या घरची पाहुणी

सरूबाईने परक्याचं लेकरू सांभाळायला आणायचं ठरवलं, तेव्हा वडगाव रासाईत आधी हसू पिकलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, दोन्ही लेकी सासरी, घरात नवरा भिमाजी आणि दारात थोडी मेंढरं.

"आत्ता कुठं मोकळी झालीस, आन् पुन्हा गळ्यात लोढणं?" शेजारच्या सिंधूबाईने विचारलं.

"मोकळं घर लई वाजतं गं," सरूबाई म्हणाली.

आणि एका दुपारी बालसंरक्षण कक्षाच्या रुपालीताई मोनालीला घेऊन दारात उभ्या राहिल्या. चौदा वर्षांची पोर, वरवंडची. आई वारलेली, बापाचा पत्ता नाही, वर्षभर संस्थेत काढलेलं. बघायला जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावायची तयारी ठेवली होती, पण पोरीने नुसता नमस्कार केला आणि खाटेच्या कडेला बसली. एसटीची वाट बघणारं माणूस बसतं तशी.

मग सुरू झाला सरूबाईचा थाट! नाटकातल्या राजकन्येला मिळणार नाही असा मान. पहिलं ताट मोनालीचं, दुधावरची साय मोनालीची. पोरगी खरकट्या भांड्यांकडे वळली की सरूबाई आडवी. "तू बस, माझी राणी!" धनगराच्या घरची रीतच ती. सरूबाईचे सासू-सासरे मेंढरांमागे रानोमाळ हिंडले, पालात राहिले. पण पालाशी आलेल्याला आधी भाकरी वाढायची आणि काडीचं काम सांगायचं नाही, हे त्यांनी कधी मोडलं नाही.

"महाराणी आणलीस व्हय गं? चवरी ढाळाया येऊ का?" सिंधूबाई कुंपणावरून म्हणायची.

"ये की. येताना हात धुऊन ये."

पण महाराणी काही खुलेना. विचारलं तेवढंच बोलायची. कपडे अजून पिशवीतच.

सहा महिने झाले आणि रुपालीताई पुन्हा आल्या. "मावशी, सोमवारी बालकल्याण समितीपुढं जायचंय. इथं राहायचं का, ते मोनालीलाच विचारतील." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मला ती म्हणाली, संस्थेत परत गेले तरी चालेल."

तव्यावरची भाकरी करपली, तरी सरूबाईचा हात हलला नाही.

"काय कमी केलं ओ मी?" तिने भिमाजीला विचारलं.

"कमी न्हाई. जास्तच झालं आसंल."

"म्हंजी?"

"मला काय ठावं? मेंढराचं इचार, सांगतो."

शनिवारी भिमाजी बाजाराला गेला होता. दिवस कलला आणि मेंढरं कोंडायची जाळी उघडी राहिली. सगळी मेंढरं शेजारच्या पोपटरावांच्या कांद्यात! कांद्यापलीकडे ऊस, आणि त्या उसात आठवड्यामागे बिबट्या दिसलेला. सरूबाई धावली, पण गुडघे कुठे साथ देतात? मोनाली उंबऱ्यात पुस्तक घेऊन उभी. आणि मान, रीत, राणी सगळं विसरून सरूबाई ओरडली. नाटकाला शेवटच्या रांगेत डुलकणारा माणूस दचकून जागा व्हावा असा आवाज.

"अगं ए भवाने! बघत काय ऱ्हायलीस? उसाच्या अंगानं आडव! आन् जाळी कुणी उघडी टाकली, तुझ्या आज्यानं?"

पुस्तक एकीकडे, चपला एकीकडे. ओढणी कमरेला बांधून पोरगी वाऱ्यासारखी सुटली. उसाच्या तोंडाशी जाऊन तिने हुबेहूब भिमाजीसारखी 'हुर्र्र' घातली आणि पुढचं मेंढरू माघारी वळवलं. सोसायटीचे चेअरमन पोपटराव बांधावर "माझा कांदा! माझा कांदा!" करत नाचत होते.

"बोंबलू नका आप्पा, तिकडनं आडवा!" मोनाली कडाडली. आणि साक्षात चेअरमनसाहेब धोतर खोचून मेंढरं आडवू लागले!

शेवटचं मेंढरू जाळीत गेलं तेव्हा दोघी तिथेच धापा टाकत बसल्या. आपण काय बोललो ते सरूबाईला आता आठवलं.

"पोरी, लई बोलले गं. रागावू नगं."

मोनाली रडत होती आणि हसतही होती. "जाळी तूच उघडी टाकलीस मावशे, पाणी पाजल्यावर." मग नाक पुसत म्हणाली, "मला वाटलं, पाव्हणी म्हणून ठेवलंय. पाव्हण्याला कुणी काम सांगत न्हाई, वरडत बी न्हाई. एक दिस एसटीत बसवून देत्यात."

सरूबाईने पदर कमरेला खोचला. मग उठली. "ऊठ मग. भांडी पडल्यात. आन् उद्यापास्नं लेंड्या तू भरायच्या."

"उद्या शाळा हाय!"

"उद्या आयतवार हाय, चोरटे!"

सोमवारी समितीच्या बाईंनी मायेने विचारलं, "बाळा, कसं वाटतं तिथं?" सरूबाईने पदराचं टोक मुठीत आवळलं.

"मावशी लई काम सांगती," मोनाली म्हणाली. "माझी भाकरी वाकडी झाली की हसती. लेंड्या मीच भरते. आन् उद्या मेंढरं नदीवर धुवायची हायत, परवा कातरणी. तवा आमाला लवकर सोडा."

"म्हणजे तुला तिथंच राहायचंय?"

"मग मेंढरं कोण धुनार?"

सरूबाई ताडकन उठली. कचेरी, साहेब, टेबलं, कशाचं भान राहिलं नाही. दोन्ही हात वर करून तिने आरोळी ठोकली, "यळकोट यळकोट जय मल्हार!"

फायली घेऊन दारात उभा असलेला शिपाई खड्या आवाजात म्हणाला, "सदानंदाचा यळकोट!"