जयवंताबाईचं फाटक

पांढुर्ण्याच्या अंगाला, गल्ली उतरत उतरत जाम नदीच्या पाण्याला टेकते तिथं, जयवंताबाई ढोकेचं सामानघर आहे. पत्र्याचं लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना शटरच्या खोल्या, मधून हातगाडी जाईल एवढी वाट, आणि गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक. एके काळी इथं संत्री भरली जात. हवा दमट झाली की भिंतींतून अजून सालीचा वास निघतो.

तो माल जयवंताबाईचा नवरा दादाराव नागपूरला न्यायचा. एका खेपेला घाटात ट्रक उलटला आणि दादाराव आपल्याच संत्र्यांखाली दबला. लोकांनी उपसून उपसून त्याला काढलं तेव्हा त्याच्या तोंडातून ओघळत होतं ते रक्त होतं की रस, हे कोणाला सांगता येईना. जयवंताबाईने त्यानंतर संत्र्याला हात लावला नाही. शेड ओसाड पडलं. दादारावचा भाऊ ते बळकवायला आला, तर ती विळा घेऊन दारात बसली आणि तो परत जाईपर्यंत उठली नाही.

पुढे पांढुर्णा जिल्हा झाला आणि गावात बदलीची माणसं येऊ लागली. स्मिता मॅडम नावाची शाळेतली बाई तिच्याकडे पहिल्यांदा आली. राहायला खोली एवढीशी, आणि आईच्या मागे राहिलेलं सागवानी कपाट, पलंग, शिलाई मशीन एवढा पसारा.

"काकू, तुमच्या शेडात ठेवता का हे? फक्त कोणी हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"तुम्हीसुद्धा नाही."

जयवंताबाई हसली. "कुलूप तुमचं आना, मॅडम. चाबी तुमच्याजवळच ठेवा. मी बाहेरच्या फाटकाची धनीन."

त्या दिवशी सहज बोललेलं तेच तिच्या धंद्याचं बूड झालं. खोलीला कुलूप ठेवणाऱ्याचं, फाटकाला तिचं. आत काय आहे ते विचारायचं नाही. कोणी कितीही रडलं, ओरडलं, तरी दुसऱ्याची खोली उघडायची नाही. आणि गोटमारीच्या दिवशी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, फाटक कोणासाठीच उघडायचं नाही. हे ती प्रत्येकाला खोली देताना सांगे.

सामान ठेवायला येणारा माणूस बहुधा कुठून तरी तुटून आलेला असतो, हे तिच्या लवकर ध्यानात आलं. सौंसरचे दोन भाऊ आले ते वाटणीत एकमेकांवर कुऱ्हाड उगारून आले होते. आईची भांडी अन् दागिन्यांची पेटी कोणाकडे राहील यावर मिटेना, म्हणून एकाच शटरला दोघांची दोन कुलपं. दोघं आले तरच खोली उघडणार. एकदा थोरला एकटाच दारू पिऊन आला. उघड म्हणाला, मग पाया पडला, मग शटरवर कपाळ आपटू लागला. पत्र्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले तरी थांबेना. जयवंताबाईने त्याला पाणी दिलं, जखमेवर हळद दाबली, रिक्षात बसवलं. शटर उघडलं नाही. पंधरवड्याने धाकट्या भावाला हे कळलं आणि तो पहिल्यांदाच थोरल्याला घेऊन आला. गावभर झालं की या बाईच्या फाटकातून सामान हलत नाही. खोल्या भरत गेल्या.

तिचा मुलगा सागर हातगाडी ओढायचा, शटरला तेल घालायचा. पोरगा कामाला वाघ, पण गोटमारीचा वेडा. गेल्या वर्षी समोरचे दात नदीत टाकून आला होता आणि त्या खिंडारातून हसून दाखवायचा.

गोटमार म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची लढाई. जामच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पलीकडच्या काठावरचं सावरगाव झाड राखतं, अलीकडचं पांढुर्णा ते तोडून आणायला बघतं. हत्यार एकच, गोटा. डोकी फुटतात, डोळे जातात, कधी माणूसही जातो. आणि रात्री त्याच दोन गावांतले सोयरे एकमेकांकडे जेवतात, कारण इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या आणि तिकडच्या इकडे. जयवंताबाईचं माहेर सावरगावच.

पोळ्याला थोडे दिवस उरले असताना तिच्या माहेरच्या गल्लीतला वीरेंद्र आला. तरणाबांड, बोलायला गोड. त्याला कोपऱ्यातली खोली हवी होती. "बियान्याचे पोते हायेत, काकू. घरी उंदरं लय झाले."

पोती उतरवताना जयवंताबाई फाटकाशी उभी होती. पोतं जमिनीला टेकलं आणि आवाज आला. नदीकाठी जन्मलेल्या बाईला तो आवाज कळायला पोत्याचं तोंड सोडावं लागत नाही. बियाणं बसतं, गोटा बोलतो. आत काय ते विचारायचं नाही, हा तिचाच नियम. पहिल्यांदाच तो नियम तिच्या घशात अडकला, तरी तिने गिळला. खोली तिने दिली.

त्या वर्षी जाम भरून वाहत होती. नदीतले गोटे पाण्याखाली गेले होते आणि गोट्यांच्या ट्राल्या पोलिसांनी पुलाच्या अलीकडेच अडवल्या होत्या. दोन्ही काठांवर पोरं होती, पण हातात गोटा नव्हता. ज्याच्याजवळ साठा, त्याचा दिवस. वीरेंद्रने तो साठा पांढुर्ण्याच्याच गल्लीत, पांढुर्णेवाल्यांच्या पाठीमागे ठेवला होता. समोरून सावरगाव मारणार आणि मागून वीरेंद्रची पोरं. मध्ये पांढुर्ण्याची पोरं सापडली असती, आणि त्यांत सागर.

दुपारच्या आधी वीरेंद्र आला. सोबत चार-पाच जण, कपाळाला शेंदूर, हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार.

"काकू, फाटक खोल न. सामान काढाचं हाये."

"आज बंद हाये, बापू. तुले सांगतलं होतं."

"कुलूप मायं हाये, चाबी मायी हाये."

"हाव. अन् फाटक मायं हाये."

"बियानं हाये वो. पेराले नेतो."

"पोळा झाल्यावर काय पेरतं रे? टाळके?"

मागची पोरं फिस्सकन हसली आणि त्या हसण्याने वीरेंद्रचं डोकं फिरलं. त्याने तिचा अंबाडा धरला आणि तिला फाटकापासून फरफटत ओढलं. तिचं पातळ फाटलं, कोपर सोलून निघालं. एकाने सब्बल कुलपाच्या कडीत घातली. जयवंताबाईने मान वळवली, वीरेंद्रचं मनगट तोंडात धरलं आणि दात हाडाला लागेपर्यंत सोडलं नाही. तो किंचाळला. त्याने तिच्या बरगड्यांत लाथ घातली, एकदा, मग पुन्हा. ती कुशीवर सरकत सरकत परत फाटकाला जाऊन चिकटली आणि सब्बलीच्या आड पाठ देऊन बसली. तोंडात त्याचं रक्त होतं, ते तिने बाजूला थुंकलं.

तिने सागरला हाक मारली नाही. सागर आला असता तर फाटक उघडल्याशिवाय राहिला नसता.

तेवढ्यात नदीकडून पांढुर्ण्याचा हाकारा उठला, 'चंडी माय की जय'. शत्रूच्या गल्लीत सापडलो तर जिवंत जाणार नाही हे ओळखून वीरेंद्र आणि त्याची पोरं सब्बल तिथंच टाकून पुलाकडे पळाली. पण पलीकडच्या काठावर पोचताच वीरेंद्रने मनगटाला रुमाल बांधून हात उंच केला आणि बोंबलला, "काय बे सागऱ्या! आमचे गोटे तुयाच घरी हायेत! आमच्या गावची लेक राखन करून राहिली!"

सगळं सावरगाव हसलं. सागर पाण्यात कंबरेइतका उभा होता. तो वळला आणि त्याच्या मागे पांढुर्ण्याचा घोळका गल्ली चढून आला.

"माय, बाजूले हो."

"आज फाटक बंद हाये."

"त्यात गोटे हायेत!"

"मले मालूम हाये."

सागरचा आवाज चिरकला. "मालूम हाये? म्हनजे मले मागून फोडनार होते हे तुले मालूम होतं?"

"म्हनूनच त्यायले खोलून नाही दिलं. पाह्य माया बरगड्या."

"मंग आता आमाले दे!"

"तुमाले काहून? गोटे त्याचे हायेत."

घोळक्यातून कोणी ओरडलं, "माहेरचा माल हाये न बाईचा! कशी सोडन!" आणि पहिला गोटा फाटकावर आदळला. मग दुसरा, मग धडाधड. जे थोडेफार गोटे नदीसाठी जपले होते ते पोरांनी फाटकावर संपवले. एक तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसला आणि डावा हात क्षणभर लुळा पडला. एक कपाळावर बसला. डोळ्यांवर लाल पडदा उतरला. ती उभी राहिली, कुलूप उजव्या मुठीत धरून.

सागरने पडलेली सब्बल उचलली.

"सोड, माय. कुलूप तोडतो मी."

"सागर, आत मॅडमचं कपाट हाये. त्या भावायच्या मायची पेटी हाये. आज तुया हातानं फाटक तुटलं, तं उद्या कोन ठेवन आपल्या घरी सामान?"

"सोड म्हनतो न!"

ती सोडेल असं त्याला वाटलं. त्याने सब्बल उगारली आणि पूर्ण ताकदीने खाली आणली. तिने सोडलं नाही. बोटं चिरडल्याचा आवाज पोत्यातल्या गोट्यांसारखाच कोरडा होता.

जयवंताबाई ओरडली नाही. तिने गुडघे टेकले. उजव्या हाताची बोटं कुलपाला चिकटून राहिली होती, डाव्या हाताने ती एकेक सोडवावी लागली. तिच्या रक्ताचा ओघ फाटकाच्या पट्टीवरून सागरच्या पायापर्यंत आला. गल्लीत कोणी हललं नाही. मग मागचे एक-दोघं नदीकडे निघाले, मग बाकीचे. सागर तिथंच बसला आणि सब्बल हातातून ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"दवाखान्यात चाल," तो म्हणाला.

"सूर्य बुडल्यावर."

त्या वर्षी झेंडा कोणाला मिळाला, हे त्या दोघांना दुसऱ्या कोणाकडून तरी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरेंद्र आला. मनगटाला पट्टी, नजर जमिनीवर. सोबतीला कोणी नव्हतं. जयवंताबाईचा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता. तिने डाव्या हाताने फाटक उघडलं.

"खोल तुयी खोली."

त्याने शटर वर केलं. "काकू, राहू दे न इथंच. पुढच्या पोळ्याले कामी येईन."

"नाही. खोली खाली कर."

"एकट्यानं?"

"आनले तवा मानसं होते न तुयाजवळ. बलाव त्यायले."

त्याने कोणाला बोलावलं नाही. भाड्याची ट्राली फाटकाशी लावून एकेक पोतं खांद्यावर वाहू लागला. सागर भिंतीला टेकून बघत होता. चार पोती गेली. पाचवं मधोमध उसवलं आणि गोटे वाटेवर घरंगळत सुटले. वीरेंद्र फाटकं पोतं दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा राहिला, तोंडापुढे आडवा धरायला हात मोकळा नव्हता.

सागर वाकला. पायाशी आलेला गोटा त्याने उचलला, तळहातात फिरवला. तो बेताचा होता, अंगठ्याच्या खाली नीट बसणारा, कपाळ फोडायला पुरेसा. वीरेंद्रने त्याच्याकडे पाहिलं आणि मान वर केली, मार म्हणतो तशी.

जयवंताबाई मध्ये पडली नाही.

सागरची मूठ आवळली. मनगटाची शीर वर आली. मग तो ट्रालीपाशी गेला, गोटा आत टाकला, आणि दुसरा उचलायला खाली वाकला. वाटेवरचे सगळे गोटे दोघांनी मिळून ट्रालीत भरले.

ट्राली गल्लीच्या वळणावरून गेली. खोलीत फक्त लाल धूळ आणि दगडांचा चुरा उरला होता.

"झाडू आन," जयवंताबाई म्हणाली. "मॅडमच्या शाळेतली एक बाई सामान घेऊन येऊन राहिली. तिले खोली दाखवाची हाये."