बाटली चांगली होती, टाकवली नाही

आज सकाळी सुनेवर उगाच ओरडले. तिनं कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत काळं फिनेल भरून ठेवलं होतं. लेबल तसंच. "अहो आई, बाटली चांगली होती, टाकवली नाही," ती म्हणाली.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुमच्याही घरात अशी बाटली असेल, तर आधी ती फेका आणि मग पुढचं वाचा.

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला माझा दातांचा दवाखाना होता. एक बाई दाढ काढायला खुर्चीत बसल्या होत्या. मी सुन्न करायचं औषध सिरिंजमध्ये ओढलं. हवा काढायला दट्ट्या दाबला, तर एक थेंब माझ्या मनगटावर पडला. गारेगार लागला आणि बघता बघता उडून गेला.

स्पिरिट! वासानं कळलंच नाही, कारण अख्ख्या दवाखान्याला तोच वास.

मदतनीस सुमनताईंना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "कालच औषध संपलं ना, डॉक्टर. बाटली चांगली होती, टाकवली नाही. सकाळी आल्या आल्या स्पिरिट भरून ठेवलं."

सकाळी.

या बाईंच्या आधी एकाला मी त्याच बाटलीतलं इंजेक्शन दिलं होतं. "आग होतेय," तो कळवळला, तेव्हा मीच दटावलं होतं, "थोडं चुणचुणणारच. बाहेर बसा."

मी दार उघडलं. तो बाकावर गाल धरून बसला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "अजून सुन्न नाही झालं हो."