मेहरुनबीचा डूख

नाथाजी गुरुजींनी मेहरुनबीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते गेल्या वर्षी, कबड्डीचा अंतिम सामना संपल्यावर. कुंडलचा संघ हरला होता. हरवणाऱ्या फलटणच्या संघात वीरधवल होता. सहा वर्षं कुंडलकडून चढाया करून तो त्याच मोसमात तिकडे गेला होता. कुणीतरी त्याची कुंडलची जुनी जर्सी नाचवत त्याला टोमणा मारला. त्यानं ती हिसकावून खाली टाकली आणि तिच्यावर पाय पुसले. लोक शिव्या देत पांगले. बायकांच्या बाजूला एक बाई मात्र त्या जर्सीकडे बघत उभीच राहिली. ती मेहरुनबी. संघाचे कपडे शिवणारी, तेही फुकट.

तिचं शिलाईचं दुकान स्टँडजवळ होतं. दुकानाबाहेरच्या बाकावर संध्याकाळी कबड्डीवेडे जमत. निवृत्तीनंतर गुरुजीही तिथे बसू लागले. यंदा त्या बाकावर एकच विषय होता. क्लबचे अध्यक्ष लालासाहेब यांनी पकडीसाठी तीन स्वस्तातले गडी आणले होते.

"बाजार उठल्यावर भाजी घेतली अध्यक्षांनी," कोंडीबा म्हणाला. बाकावर सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. "एक फौजेतनं रिटायर, एकाचं पोट सुटलेलं, आन् तिसरा आटपाडीचा मेंढपाळ. गाडीभाडं आन् दोन वक्ताचं जेवान! ह्यांनी वीरधवलला धरायचा व्हय?"

"तुला खेळताना जेवान तरी कुणी घातलं का रं?" मशीन न थांबवता मेहरुनबीनं विचारलं.

बाकावर हशा पिकला.

"आवं भाभी, तो मेंढपाळ साईराज वाऱ्यानं उडंल!"

"पळत्या मेंढराची तंगडी रोज धरतोय तो. मनगटाला टेप लावून बघितलीया मी. तुझी पोटरी तेवढी न्हाई."

बाक रिकामा झाल्यावर साईराज उरलेली मापं द्यायला आला. गुरुजी आपल्या पँटीसाठी थांबले होते. टेप गळ्यात टाकून मेहरुनबी हळू आवाजात म्हणाली, "ऐक. सहा वर्षं मी वीरधवलच्या चड्ड्या शिवल्यात. दर बारीला उजव्या मांडीची आतली शिवण उसवायची. डावी एकदाबी न्हाई. हात तो नुसता दावतो, खरा टाकतो उजवा पाय. तू डाव्या कोपऱ्यात हायस, म्हंजे पाय तुज्याकडंच येणार. हाताकडं बघू नगंस."

साईराजनं मान डोलावली आणि तो गेला.

"मेहरुनबी, वर्ष झालं. आता सोडून द्यावं," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, दुसऱ्याची वही फाडणाऱ्या पोराला तुमी सोडत हुता?"

"समज देत होतो."

"मग मीबी समजच देतीया."

गुरुजींनी चाळीस वर्षं मुलांना क्षमा शिकवली, पण त्या जर्सीवरचे पाय त्यांच्याही डोळ्यांपुढून गेले नव्हते.

यंदा उपांत्य सामन्यातच फलटणशी गाठ पडली. वीरधवल पहिल्याच चढाईला आला, हात झुलवले आणि उजवा पाय फेकला. साईराज हातांकडे बघतच नव्हता. त्यानं घोटा धरला. पोटवाला वर पडला, फौजी वर पडला. दुसऱ्या चढाईला तेच झालं, तिसऱ्यालाही तेच. चौथ्यांदा बिचकून त्यानं डावा पाय टाकला. सवय नव्हती. तोल जाऊन तो आपणच रेषेबाहेर गेला. कुंडल सात गुणांनी जिंकलं आणि "आमी म्हनतच हुतो!" असं सगळ्यात मोठ्यानं कोंडीबाच ओरडला.

मेहरुनबीनं टाळी वाजवली नाही. ती उठली आणि सरळ मैदानात गेली. गुरुजी मागोमाग गेले, न जाणो काही तमाशा होईल. वीरधवल मातीत बसला होता. तिला बघून तो उठला.

"चाची, चुकलं माझं गेल्या साली."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शिंप्याच्या नजरेनं.

"चड्डी मांडीला उसवलीय तुजी. जा, जिथं शिवून घेतलीस तिथनंच टाके घालून घे."

एवढं बोलून ती वळली. ती विरघळेल असं गुरुजींना वाटलं होतं. परतीच्या जीपमध्ये ते तिचा चेहरा बघत होते. तिनं फौजीला शेंगदाणे दिले, साईराजच्या खरचटलेल्या कोपराला हळद लावायला सांगितली आणि कुंडलशेजारच्या पलूसपर्यंत शांत झोप काढली.

मेहरुनबी आता छप्पन्न वर्षांची आहे. दुकान रोज नऊला उघडते. वीरधवलशी ती बोलत नाही.