पणसाहेबांची पगारवाढ

माझा धंदा सरळ आहे. दात दुखतो, माणूस गाल धरून येतो, मी दात काढते, तो पैसे देतो आणि जिना उतरताना मनातल्या मनात मला शिव्या देतो. माझ्या थोरल्या भावाचा धंदा मात्र मला आजतागायत कोणाला समजावून सांगता आलेला नाही. अकरा शीतगृहं असलेल्या एका कंपनीत तो जोखीम विभागाचा प्रमुख. ही कंपनी लोकांची अंडी, लोणी, लशी आणि आइस्क्रीम थंड ठेवते, आणि काय काय बिघडून ते सगळं गरम होऊ शकेल याचा विचार दादा करतो. म्हणजे न दुखणाऱ्या दातांचा डॉक्टर. आता न दुखलेला दात मोजायचा कसा आणि त्याची फी लावायची कशी, सांगा.

ऑफिसात त्याला पणसाहेब म्हणतात. "बारावं शीतगृह बांधू या," असं कोणी उत्साहानं म्हटलं की टेबलाच्या टोकाकडून बारीक आवाज येतो, "पण..." या पणच्या पुढं जे येतं ते बहुतेक वेळा खरं ठरतं, त्यामुळे तो लोकांना आणखीच नकोसा होतो. एकदा त्यानं तीन बैठका डोकं खाऊन जुने जनरेटर बदलायला लावले. पुढच्याच महिन्यात चौदा तास वीज गेली आणि एकही अंडं नासलं नाही. त्या वर्षी विक्री झकास झाली म्हणून विक्रीप्रमुखाला घसघशीत बोनस मिळाला. दादाला कंपनीचं नाव छापलेली छत्री मिळाली.

नऊ वर्षं त्याचा पगार गोगलगायीच्या चालीनं चालला होता. विक्रीप्रमुखाचा त्याच्या तिप्पट झाला. दादा यावर कधी ब्र काढायचा नाही, पण वहिनी काढायची. वहिनी शाळेत भूमिती शिकवते आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तिच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान आहे. "जावईबापू, दुकान तुमचंच," असं ते पंधरा वर्षं म्हणत आले होते आणि दादा पंधरा वर्षं नुसता हसत आला होता. या वर्षी मात्र वहिनीनं निक्षून सांगितलं, "पगार दुप्पट झाला नाही तर ही नोकरी सोडायची आणि बाबांच्या दुकानात बसायचं. शब्द द्या." दादानं शब्द दिला. बायकोनं मागितलेली वस्तू न देण्यातली जोखीम त्यानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवली होती.

पण त्याचा जीव त्या नोकरीत होता, हे मी सांगते. सुट्टीच्या दिवशी स्वेटर घालून तो शीतगृहाच्या दारांची रबरं तपासायला जायचा. एकदा मी बरोबर गेले होते. त्या रबरावरून बोट फिरवताना त्याचा चेहरा असा काही खुलला होता की माझ्या भाच्याच्या जन्माच्या वेळीसुद्धा तो इतका खुललेला मला आठवत नाही. गादीच्या दुकानात हा माणूस सुकून गेला असता. मला त्याची खरंच काळजी वाटत होती.

म्हणून एका रविवारी दुपारी मी त्याच्याकडे गेले आणि सरळ विचारलं, "दादा, मुळात तुझा पगार ठरतो कशावर?"

तो खुलला. असा प्रश्न त्याला जन्मात कोणी विचारला नव्हता.

"कंपनी किती मोठी, हाताखाली माणसं किती, आपण थेट कोणाला जबाबदार, बाहेर अशा माणसाला काय भाव आहे," तो बोटांवर मोजत म्हणाला. "पण यात सगळे जवळपास सारखेच निघतात. खरा फरक शेवटच्या रकान्यानं पडतो. हा माणूस सोडून जाण्याची शक्यता किती, आणि गेला तर कंपनीला किती दुखेल. दोन्हींना एक ते पाच गुण. त्यांचा गुणाकार करायचा. जितका मोठा आकडा, तितकी मोठी पगारवाढ."

"हे गुण देतं कोण?"

"आता ही जोखीमच झाली ना. मग जोखीम विभागच देणार."

"म्हणजे कोण?"

"म्हणजे मी."

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "तक्ता दाखवा," ती म्हणाली. दादानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. विक्रीप्रमुख दरवर्षी दुसऱ्या कंपनीचं पत्र खिशात घेऊन फिरायचा. शक्यता पाच, परिणाम चार, एकूण वीस. अध्यक्षांच्या ड्रायव्हरला सहा गुण होते, कारण अध्यक्षांना दुसऱ्या कोणाच्या गाडीत झोप लागत नाही. सगळ्यात खाली दादाची ओळ. शक्यता एक. परिणाम एक. एकूण एक. नऊ वर्षांच्या नऊ तक्त्यांत हेच.

मी कपाळावर हात मारला. वहिनीनं त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ती असं बोट ठेवते तेव्हा शाळेतली मुलंसुद्धा वह्या झाकून बसतात.

"हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत?"

"पण खरं तेच लिहिलं. मी कुठं सोडून चाललोय?"

"बरं. मग परिणाम एक का?"

"विभाग मी असा बांधलाय की एका माणसावाचून काही अडू नये. उपप्रमुख बाईंना मी सगळं शिकवून तयार केलंय. तेच तर माझं काम." हे तो अभिमानानं सांगत होता, हीच मोठी पंचाईत.

"या वर्षी पाच लिहा," वहिनी म्हणाली.

"पुरावा लागतो."

वहिनीनं वडिलांना फोन लावला. अर्ध्या तासात दुकानाच्या कागदावरचं नेमणूकपत्र मोबाइलवर हजर. 'जावईबापूंना व्यवस्थापकपदी नेमण्यात येत आहे, केव्हाही यावे.' दादानं ते दोनदा वाचलं, तारीख तपासली, आणि मान्य केलं की पुरावा भक्कम आहे. शक्यतेच्या रकान्यात त्यानं पाच लिहिले. परिणामाचा एक मात्र त्यानं काही केल्या बदलला नाही. वहिनीनं आवाज चढवला, मी हात जोडले, भाचा म्हणाला, "बाबा, निदान दोन तरी करा." पण पुरावा कुठं होता?

"असू दे," शेवटी वहिनी म्हणाली. "एकाचे पाच झाले. पाचपट वाढ झाली की." तिचा विषय भूमिती आहे, हे मी आधीच सांगितलंय.

वेतन समितीत तिघं होते. कंपनीचे अध्यक्ष, साबणाच्या कारखान्याचे एक मालक आणि एक निवृत्त न्यायाधीश. तिघांनी तक्ता वाचला आणि त्यातून जो निघतो तोच अर्थ काढला. हा माणूस जाणार हे नक्की, आणि गेल्यानं काही बिघडणार नाही हेही नक्की. चौथ्या दिवशी त्यांनी दादाला निरोपाचा पुष्पगुच्छ दिला. अध्यक्षांनी भाषण केलं. न्यायाधीश म्हणाले, इतकी निःपक्षपाती नोंद त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिली नाही. दादा "पण..." म्हणाला खरा, पण पुढं काय म्हणणार? तक्ता त्याचाच, पद्धत त्याचीच, पुरावाही त्यानंच जोडलेला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात लोक, पण तो आधी वजन करून कोणी मारत नाही.

दादा गाद्यांच्या दुकानात बसू लागला. पहिल्याच दिवशी एक नवं जोडपं आलं. गादीवर बसून पाहिलं, उठून पाहिलं, किंमत पटली. दादा म्हणाला, "छान आहे. पण पाच वर्षांनी मधोमध खड्डा पडतो. तुम्ही दोघं त्यात घरंगळाल. तेव्हा तुमचं एकमेकांशी कितपत पटत असेल, याचा अंदाज आत्ता करणं अवघड आहे." जोडपं विचार करायला म्हणून गेलं ते गेलंच. त्यानं उशांवर 'मानेस धोका संभवतो' अशा चिठ्ठ्या लावल्या. कापूस पेट घेतो म्हणून अर्धं दुकान रिकामं करून मधून वाट काढली. महिन्याभरात तीन गाद्या खपल्या, त्यातली एक मी घेतली. सासऱ्यांच्या नाकी नऊ आले. "जावईबापू, तुम्ही घरी आराम करा ना," ते रोज सकाळी काकुळतीला येऊन म्हणायचे.

आणि दादा सुकत चालला होता. जेवताना गप्प. कोणी फ्रिज उघडला की उठून त्याच्या दाराचं रबर दाबून बघायचा आणि परत येऊन बसायचा. वहिनीला ते बघवत नव्हतं. "माझंच चुकलं," एकदा ती मला म्हणाली, आणि तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिकडं कंपनीनं उपप्रमुख बाईंना बोलावून सांगितलं, आता तुम्ही प्रमुख. बाई म्हणाल्या, "नको. साहेबांचं काम मला ठाऊक आहे, आणि साहेबांचा पगारही." मग बाहेरचा माणूस शोधायचं ठरलं. सल्लागार बोलावला. त्यानं मोठमोठे आलेख काढून सांगितलं की पद रिकामं, जोखीम मोठी, बाजारात अशी माणसं मोजकीच, तेव्हा जुन्या पगाराच्या अडीचपटीच्या खाली कोणी फिरकणार नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. पेपरात जाहिरात आली.

ती पहिल्यांदा पाहिली सासऱ्यांनी. सत्तरी ओलांडलेला माणूस पेपर घेऊन धावत आला. अर्ज त्यांनीच भरला आणि वर अनुभवाचा दाखला जोडला. 'जावईबापूंसारखा माणूस माझ्या दुकानात पूर्वी कधी नव्हता व यापुढे कधी असणार नाही.'

मुलाखतीला तेच तिघं. पण नियम म्हणजे नियम, प्रत्येक उमेदवाराला प्रश्न सारखेच. त्या संध्याकाळी दादानं आम्हाला सगळं सांगितलं, बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवावं तसं, एक शब्द न गाळता.

"आमच्या कंपनीबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" अध्यक्षांनी विचारलं. दादा एक तास दहा मिनिटं बोलला. अकराही शीतगृहांची दारं, तारा, छपरं, कुठल्या रखवालदाराला दुपारी डुलकी लागते इथपर्यंत. साबणवाले शेजारी कुजबुजले, "एवढा अभ्यास करून आलेला उमेदवार मी पाहिला नाही."

"आधीची नोकरी का सोडलीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी सोडली नाही. मी सोडण्याची शक्यता आहे, एवढंच लिहिलं होतं."

"पगाराची अपेक्षा?"

"पूर्वीचा होता तेवढा चालेल," आमचा हा शहाणा म्हणाला. वहिनीनं इथं डोळे मिटून घेतले. पण साबणवाल्यांनी साफ नकार दिला. एवढ्या कमी पगारात तयार होणाऱ्या माणसात काहीतरी खोट असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी अडीचपटीवर एकमत झालं, नेमणूकपत्र आलं, अध्यक्षांनी पेन पुढं केलं.

"मी पेन हातात घेतलं," दादा म्हणाला, "आणि मला एकदम वाईट वाटलं. मी विचारलं त्यांना. म्हटलं, तीच खोली, तीच खुर्ची, तोच मी. मग नऊ वर्षं तुम्ही मला हे का दिलं नाहीत?"

"मग? काय म्हणाले?" मी विचारलं. मी हसायच्या तयारीत होते.

"त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, 'अहो, तेव्हा तुम्ही होतातच ना.'"

मी हसले नाही. वहिनी उठली, दादाच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, आणि आज दिवसभर काय काय झालं ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगा, म्हणाली.